आधी झोप, मग हसू: पाळीत आणि धावपळीत काम करणाऱ्यांसाठी

गळीत हंगाम सुरू झाला की सांगली जिल्ह्याची झोप बदलते. साखर कारखान्याची गव्हाण (ऊस टाकायची जागा) रात्रंदिवस चालू, उसाच्या ट्रॅक्टरच्या रांगा, तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांत फवारणीची घाई. विट्याचे माग, कुपवाड एमआयडीसीतली थर्ड शिफ्ट, मिरजेच्या दवाखान्यांतल्या रात्रीच्या सिस्टर आणि पहाटे चारला गोठ्यात शिरणारी घरं तर बाराही महिने जागी असतात. यातल्या कुणालाही झोपेचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "हंगाम संपू दे, मग झोपू."

हे उत्तर धोक्याचं आहे. हंगाम चार-पाच महिने चालतो आणि शरीर एवढी उधारी ठेवत नाही. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. आपली झोप कमी पडतेय हे आपल्याला स्वतःला कळतच नाही. अमेरिकेत 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना सलग 14 दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. त्यांचं लक्ष आणि कामाचा वेग दिवसेंदिवस घसरत दोन रात्री पूर्ण जागलेल्या माणसाच्या पातळीपर्यंत आला. त्यांना विचारलं तर मात्र ते म्हणत होते, थोडी झोप येते, बाकी ठीक आहे.

मग कळणार कशावरून? माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे हसू. झोप कमी पडली की कामावरची चेष्टा-मस्करी आधी आटते. परवापर्यंत ज्या शेऱ्यावर "काय मर्दा" म्हणून टाळी दिली असती, त्याच शेऱ्यावर आज कॉलर धरली जाते. यामागे कारण आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मेंदू-तपासणीत रात्रभर जागलेल्या लोकांना त्रासदायक चित्रं दाखवली. तेव्हा भीती-राग हाताळणारा मेंदूचा भाग झोपलेल्यांच्या तुलनेत सुमारे 60 टक्के जास्त भडकलेला दिसला, आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी त्याचा संपर्क सैल झालेला होता. म्हणून या लेखात झोप आणि विनोद एकत्र घेतलेत. झोप नीट नसेल तर विनोदाचे सगळे सल्ले वाया जातात. क्रम सांभाळा.

सुरुवात नोंदीपासून

एक आठवडा काहीच बदलू नका, फक्त लिहा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात मावेल इतकंच: अंथरुणाला पाठ टेकली ती वेळ, उठलात ती वेळ, दिवसात कधी पेंग आली आणि शेवटचा चहा किती वाजता झाला. त्याखाली एक खूण. कामावर मनापासून हसलात तर बरोबर, कुणावर तरी उगाच खेकसलात तर फुली, दोन्ही झालं तर दोन्ही. ही खूण शक्यतो शेजारी काम करणाऱ्याला विचारून करा, त्याला आपल्यापेक्षा खरं दिसतं.

आठवड्याअखेर बहुतेकांना एक गोष्ट दिसते: फुल्या पेंग आलेल्या दिवशीच जास्त पडतात. हे कॅलेंडर जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रौढ माणसाला सात तास किंवा त्याहून जास्त झोप लागते. झोपेचे फेरे साधारण दीड-दीड तासाचे असतात. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे. त्यामुळे रोज पहाटेचे दोन तास कापणारा माणूस दोन तासच गमावत नाही, एका विशिष्ट प्रकारच्या झोपेचा मोठा हिस्सा गमावतो.

उठायची वेळ बांधा

सगळे झोपायची वेळ बांधायला जातात आणि तिथेच फसतं. झोप हुकुमाने येत नाही. उठणं मात्र आपल्या हातात आहे. म्हणून उठायची वेळ ठरवा आणि सुट्टीच्या दिवशीही ती तासाभरापेक्षा जास्त सरकू देऊ नका. रविवारी दहापर्यंत लोळलं की रविवारी रात्री डोळा लागत नाही आणि सोमवार खराब जातो.

उठल्यावर लवकरात लवकर उजेडात या. आमराईत चक्कर मारा, कृष्णेच्या घाटावर जा, नाहीतर दारात उभं राहून दात घासा, पण उघड्यावर. शरीराचं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर जुळतं. या घड्याळामागची पेशींतली यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडही घरातल्या ट्यूबच्या कितीतरी पट जास्त असतो.

चहाचा हिशोब

चहा सोडा असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे चहा म्हणजे बसणं, बोलणं, हसणंही असतं. फक्त तो कसा काम करतो ते माहीत असू द्या. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यामुळे झोपेचा दाब वाढतो. चहातलं कॅफिन ते द्रव्य काढून टाकत नाही, त्याची बसायची जागा अडवून धरतं. शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, काहींना जास्त. म्हणजे संध्याकाळी सहाच्या दोन कपांतला एक कप रात्री अकरालाही शरीरात असतो. दिवसपाळीवाल्याने शेवटचा चहा दुपारी तीनच्या आत घ्यावा. टपरीवर बसायचंच असेल तर बसा, हातात दुसरं काही धरा.

कॅफिनने जाग येते, मूड येत नाही. अमेरिकी लष्करी संशोधकांनी दोन रात्री जागवलेल्या लोकांना कॅफिन दिलं तेव्हा ते जागे राहिले, पण विनोद कळण्याची हरवलेली क्षमता काही त्याने परत आली नाही.

दारूचा उलट घोटाळा आहे. एक पेग मारला की डोळा लवकर लागतो हे खरं, पण रात्रीचा दुसरा अर्धा भाग तुटक जातो आणि घोरणं वाढतं. झोपेसाठी दारू हा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका.

रात्रीची तयारी

झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा स्लॅबच्या घरात हे होत नाही आणि अख्खं घर कुशी बदलत राहतं. स्लॅबवर संध्याकाळी पाणी मारा, दिवसभर पश्चिमेच्या खिडकीला पडदा ठेवा आणि ऊन उतरल्यावर खिडक्या उघडा. गच्चीवर झोपायची सोय असेल तर मच्छरदाणीसह वापरा. झोपण्याआधी तास-दीड तास कोमट ते गरम पाण्याने दहा मिनिटं अंघोळ करा. ऐकायला उलटं वाटतं, पण गरम पाण्याने त्वचेकडे रक्त येतं, आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते.

मोबाइलबद्दल सगळ्यांना सगळं माहीत आहे, तरी एक सांगतो. त्याच्या उजेडापेक्षाही त्यातला मजकूर जास्त जागवतो. कामाच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला आलेला साहेबांचा एक प्रश्न तासभर झोप खातो. ग्रुप चालवणाऱ्यांनी रात्री नऊनंतर तातडीशिवाय लिहू नये आणि तातडी असेल तर फोन करावा. हा नियम तुमच्या खात्यात लावून घ्या, भांडावं लागलं तरी.

अंथरुणात पडल्यावर उद्याची कामं डोक्यात फिरतात त्यावरही साधा उपाय आहे. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्या काय काय करायचंय ते कागदावर लिहा, जमेल तितकं नेमकं: कुणाला फोन, कोणती पावती, कोणता नट बदलायचा. 2018 मध्ये अमेरिकेच्या बेलर विद्यापीठातल्या प्रयोगात अशी यादी लिहिणारे, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. आडतीच्या धंद्यात सौद्याचे आकडे डोक्यात घेऊन झोपणाऱ्यांना हा उपाय विशेष सांगावासा वाटतो.

एवढं करूनही डोळा लागला नाही तर पडून राहू नका. अंदाजे वीस मिनिटांनी उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, काहीतरी कंटाळवाणं करा, पेंग आली की परत या. घड्याळाकडे बघू नका. अंथरूण म्हणजे तळमळ, ही मेंदूने बांधलेली गाठ सोडवायची तर अंथरुणात फक्त झोपायचं. पहिले काही दिवस त्रास होतो. चिकाटी ठेवा.

रात्रपाळीवाल्यांसाठी

माझी खरी काळजी इथे आहे, कारण झोपेवरचे बहुतेक सल्ले दहा ते पाचवाल्यांसाठी लिहिलेले असतात.

माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्यामुळे झोप उशिरा ढकलणं सोपं आणि अलीकडे ओढणं अवघड. म्हणून पाळ्या फिरवायच्या तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने. उलट्या क्रमाने, म्हणजे रात्र, दुपार, सकाळ असं फिरवणारं वेळापत्रक असेल तर सगळ्यांनी मिळून ते बदलायची मागणी करा. यात मालकाचा पैसाही जात नाही, फक्त कागदावरचा क्रम बदलायचा असतो.

रात्री बाराच्या पाळीला जायचं असेल तर संध्याकाळी तास-दीड तास झोपून जा. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्या, तीननंतर नको. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला असतात. बॉयलर असो, प्रेस असो, औषधाचा डोस मोजणं असो, चुकलं तर महागात पडेल असं काम शक्य असेल तर या वेळात ठेवू नका. ठेवावंच लागलं तर दोघांनी करा: एकाने वाचायचं, दुसऱ्याने करायचं.

घरी जाताना दुचाकीचा विचार करा. सतरा तास सलग जागलेल्या माणसाची हालचाल आणि लक्ष रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसासारखं होतं, हे 1997 मध्ये ऑस्ट्रेलियात मोजलं गेलं. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. दारूला शिवलाही नसलेला माणूस डबल ड्यूटी करून निघतो तेव्हा त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. गेटवर पंधरा मिनिटं डुलकी काढा, मग निघा. त्याहून बरं म्हणजे बसने या, किंवा झोप झालेल्याच्या मागे बसा.

निघताना काळा चष्मा लावा, म्हणजे सकाळचं ऊन घड्याळाला "दिवस उजाडला" असं सांगत नाही. घरी आल्यावर हलकं खाऊन लगेच झोपा. खोली पूर्ण अंधारी हवी, त्यासाठी जाड चादर खिडकीला खिळ्याने ठोका. पंख्याचा आवाज चांगला, बाहेरचा गोंगाट झाकतो. आणि घरच्यांशी स्पष्ट बोला. दिवसा झोपलेला माणूस रिकामा समजला जातो. सिलिंडर आला, पाहुणे आले, जरा बँकेत जाऊन ये, अशी त्याची झोप तीन तुकड्यांत वाटली जाते. रात्रपाळी करणाऱ्या बाईंची तर आणखीच: सिस्टर घरी आल्या की त्यांचा डबा, धुणं, शाळेची तयारी वाट बघत असते. रात्री जागून दवाखाना सांभाळणाऱ्या बाईला सकाळी सहा तास सलग मिळवून देणं हे घरातल्या बाकीच्यांचं काम आहे. दारावर कागद लावा, बेल बंद करा, मुलांना सांगा.

शेतकऱ्यांची रात्रपाळी कुठल्याच हजेरीत लागत नाही. रात्रीची वीज असते त्या आठवड्यात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावं लागतं आणि दिवसाची कामं काही थांबत नाहीत. शक्य असेल तिथे रात्र दोघांत वाटा, एकाने एकपर्यंत, दुसऱ्याने पुढे, म्हणजे प्रत्येकाला किमान चार-पाच तासांचा सलग तुकडा मिळतो. उरलेली झोप दुपारी घ्या. रात्र जागल्यावर सकाळी लगेच फवारणीचं औषध कालवू नका. मोजमाप चुकतं, आणि तिथे चूक अंगावर येते.

दुपारची डुलकी

दहा ते वीस मिनिटं, दुपारी तीनच्या आत, गजर लावून. यापेक्षा लांबली की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि अर्धा तास डोकं जड राहतं. दुकान असेल तर शटर अर्धं खाली करा, गिऱ्हाईक समजून घेतं. ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांनी मात्र दुपारी झोपू नये.

आता हसण्याकडे

झोपेची घडी दोन-तीन आठवडे बसली की कॅलेंडरवरच्या बरोबरच्या खुणा आपोआप वाढू लागतात. त्याला हात द्यायचा.

विनोद म्हणजे चुटके सांगता येणं, हा समज आधी सोडा. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने बाजारात, रस्त्यावर, कचेरीत लोकांचं हसणं टिपलं, बाराशेवर प्रसंग. त्यातलं फार थोडं हसू खऱ्या विनोदानंतर आलेलं होतं. बाकी सगळं "आलास का, बस" अशा साध्या बोलण्यावर. माणूस एकट्यापेक्षा सोबतीत तीसपट जास्त हसतो, असंही त्याला आढळलं. म्हणजे करायचं काय, तर सोबत बसायचं. डबा एकत्र उघडा. फोन एका जागी ठेवा. कुणाच्या घरची चटणी तिखट, कुणाच्या भाकरीला कडा नाहीत, एवढ्या विषयावर अर्धा तास सहज जातो. संध्याकाळी भडंगाची पुडी मधे ठेवली तर ओव्हरटाइमही हलका होतो. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे हमाल एकमेकांची खेचत काम करतात ते उगाच नाही. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने दाखवलंय की एकत्र खळखळून हसल्यावर माणसाची वेदना सोसण्याची ताकद वाढते.

दुसरं, थट्टेची दिशा बघा. कॅनडाच्या रॉड मार्टिन यांनी 2003 मध्ये विनोदाचे चार प्रकार मांडले: माणसं जोडणारा, अडचणीत स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला बोचणारा आणि स्वतःला सतत खाली पाडणारा. पहिले दोन वाढवा. तिसरा आपल्याकडे "गंमत केली, मनावर काय घेतो" या वाक्याच्या आड लपतो. जात, रंग, अंगकाठी, बोलीतला हेल, घरची परिस्थिती हे विषय पूर्ण वर्ज्य ठेवा. बायकांसमोर किंवा त्यांच्याबद्दल लैंगिक शेरे मारणं हा 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळ आहे, तिथे गंमत हा बचाव चालत नाही. नवीन पोराची फिरकी घ्यायची असेल तर त्याला उलट फिरकी घेता येईल इतकी ओळख आधी होऊ द्या. एकाचीच रोज खेचली जात असेल आणि तो फक्त कसनुसं हसत असेल, तर सुपरवायझरने तिथेच थांबवावं. चौथ्या प्रकारावरही लक्ष ठेवा: जो रोज स्वतःलाच निकामी म्हणून सगळ्यांना हसवतो, त्याला एकदा बाजूला घेऊन चहा पाजा आणि विचारा.

सुरुवात वरच्या माणसाने करावी. साहेबाने स्वतःच्या विसरभोळेपणावर एकदा हसून दाखवलं की खालचा माणूस चूक लपवत नाही, लवकर सांगतो. कारखान्यात याची किंमत फार मोठी आहे. वेळ मात्र ओळखा. पाळी बदलताना चार्ज देत-घेत असताना मस्करी नको, यंत्र चालू असताना नको, अपघात किंवा दुःख ताजं असताना नको. महापुरात घरं बुडाली तेव्हाही सांगलीकर नंतर हसले, पण चिखल काढून झाल्यावर आणि स्वतःच्याच फजितीवर.

आपल्या गावाला हे नवीन नाही. 1843 मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी इथे मराठी नाटक उभं केलं. त्यांच्या पौराणिक खेळांतही देव रंगमंचावर येण्याआधी विदूषक येऊन सूत्रधाराशी गमती करून जायचा. गंभीर कामाआधी माणसं सैल होऊ देण्याची ही रीत खात्याच्या बैठकीतही चालते. आठवड्याच्या बैठकीची पहिली पाच मिनिटं कामाबाहेरच्या गप्पांना द्या, मग उत्पादनाचा आकडा काढा.

घरी झोपण्याआधीचा अर्धा तासही असाच राखता येतो. पैशाचे आणि जागेचे वाद त्या वेळेला काढायचे नाहीत, सकाळसाठी ठेवायचे. पोरांनी शाळेतल्या नकला करून दाखवाव्यात.

डॉक्टरकडे कधी

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल आणि हे तीन महिने चाललं असेल तर घरगुती उपायांवर थांबू नका. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दचकून उठणं, सात-आठ तास झोपूनही दिवसा स्टेअरिंगवर पेंग येणं, यासोबत रक्तदाब असेल तर स्लीप ॲप्नियाची शक्यता असते. त्यासाठी झोपेची तपासणी होते आणि उपचार आहेत. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या घेऊ नका. जुनाट निद्रानाशावर आधी वर्तनोपचार करतात, वर सांगितलेली उठून बसायची पद्धत त्याचाच भाग आहे. हसूच पूर्ण गेलं असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल तर 14416 या टेली मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

मिरजेला किंवा सांगलीत डॉक्टरांकडे जाताना ते खुणा केलेलं कॅलेंडर घेऊन जा. आणि घरातल्या माणसालाही सोबत न्या, कारण तुमचं घोरणं तुम्ही कधी ऐकलेलं नसतं.